पाणी हेच माझं औषध, असं मी म्हणाले

विहिणीकडे राहायला जाताना बरोबर काय न्यावं, याचे आमच्या घरचे नियम ठरलेले आहेत. चांगली साडी, मुलांना खाऊ, सुकामेवा आणि तोंडात साखर. पोहण्याचा पोशाख त्यात कुठेच बसत नाही. मी तो नेला, आणि तोही बॅगेत सगळ्यांत वर, चटकन हाताला लागेल असा. पुढे जी शोभा झाली तिची सुरुवात त्या बॅग भरण्यातच झाली होती.

मला आमवात आहे. चाळिशी ओलांडताना जडला तो आजतागायत मुक्कामाला आहे. सकाळी बोटं मिटत नाहीत, आणि जिना दिसला की गुडघे माझं ऐकेनासे होतात. तरी मी पोहते. पुण्यात घराजवळच्या तलावावर रोज जाते, ज्येष्ठांच्या स्पर्धांत उतरते, दोन-चार पदकंही मिळाली आहेत. त्यामुळे महिला मंडळं मला बोलायला बोलावतात. ओळख करून देताना 'आमवात असूनही' असं म्हणतात, आणि ते ऐकायला मला फार आवडतं. आवडत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल, आणि या प्रवासात माझं खोटं बोलून झालेलं आहे.

माझी लेक मुक्ता केज तालुक्यातल्या घरात दिली आहे. ती आणि जावई नोकरीमुळे पुण्यातच असतात, सासू-सासरे गावी. तिच्या सासूबाई प्रयागबाई यांनाही गेल्या काही वर्षांत हेच दुखणं लागलं. माहेर मांजरा नदीच्या काठचं, त्यामुळे त्या मुलींमध्ये पट्टीच्या पोहणाऱ्या होत्या म्हणे. आता बाजेवरून उठत नव्हत्या.

"आई, डॉक्टर म्हणतात हालचाल ठेवा, पाण्यात उतरलात तर फारच छान," मुक्ता म्हणाली. "घरची विहीर आहे. पण त्या आमचं कुणाचंच ऐकत नाहीत. तू जाऊन सांग. तुझं ऐकतील."

तुझं ऐकतील, एवढं म्हटल्यावर मला कोण थांबवणार? दसरा झाला आणि मी निघाले.

केज आणि तिथून पुढे

एसटीतल्या तासांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, झोप आणि मानेला रग. केजला उतरले तेव्हा बाजार भरला होता. स्टँडच्या बाहेर सीताफळांचे ढीग लागले होते, डोळे उघडलेली, बोट लावलं तर फुटतील अशी. आमच्याकडे सीताफळ म्हणजे आइस्क्रीमचा एक प्रकार. इथे बायका पाटीतलं एक फोडून हातावर ठेवतात, खाऊन बघा आणि मग न्या. माझ्यासारखीच्या बोटांना हे फळ फार सोयीचं, कापायला नको, सोलायला नको.

पुढे वडाप जीप, माणसांनी गच्च भरली की सुटणारी. सोयाबीन निघून गेलेलं, कापूस वेचणीला आलेला, तुरी पिवळ्या फुलांवर. बाकी सगळी काळी, उघडी जमीन आणि लांबवर बालाघाटाची सपाट टेकाडं. रस्त्याकडेला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत माणसं संसार भरत होती. हंडे, गोधड्या, पत्र्याची पेटी, वर बांधलेली शेळी. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या. जीपमधल्या कुणीही त्यांच्याकडे वळून बघितलं नाही, मीच तेवढी बघत होते.

घरी पोचले तर मोठी सून सीमा हिने पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. प्रयागबाई लिंबाखाली बाजेवर बसल्या होत्या. उंच, हाडाने मोठ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. मला बघून उठायला गेल्या आणि उठता येईना तेव्हा हसल्या.

"या इहीणबाई. उठून भेटावं म्हणलं, पर गुडगे म्हणत्यात, बसूनच भेटा."

त्यांचे यजमान, ज्यांना सगळं गाव बापू म्हणतं, ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. आमच्याकडे व्याही समोरच्या सोफ्यावर बसतो आणि राजकारणावर वाद घालतो. इथे व्याही विहिणीच्या डोळ्याला डोळा देत नाही, थेट बोलत नाही. बापू खांबाकडे बघत म्हणाले, "इहीणबाईला म्हणावं, परवासात तरास तर न्हाई झाला?" मी दोन हातांच्या अंतरावर उभी. मी उत्तर दिलं, तर ते सीमाने पुन्हा त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि खांबाला विचारलं, चहा घेणार का. पहिल्या दिवशी मला याचं हसू आवरत नव्हतं.

जेवायला विहिणीच्या मानाची पुरणपोळी आणि झणझणीत कटाची आमटी. नंतर बायका जमल्या, शेजारच्या, भावकीतल्या. पुण्याची विहीण बघायला. प्रयागबाईंनी उशाखालून औषधांची प्लास्टिकची पिशवी काढली आणि मांडीवर ओतली.

"ह्या बघा. केजच्या डॉक्टरनं दिल्यात. खाल्ल्या की पोटात आग पडती. न्हाई खाल्ल्या की हातपाय धरत्यात. इहीणबाई, तुमालाबी हेच दुखणं. तुमी कोणत्या गोळ्या खाता?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. सीमाही भांडी तशीच टाकून आली.

माझ्या पर्समध्ये गोळ्या होत्या. रोज सकाळची एक, आठवड्याची एक वेगळी, आणि तिच्या जोडीची आणखी एक. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, डॉक्टरांपुढे बसायचं. त्या गोळ्या नसत्या तर तलाव राहू दे, मला चहाचा कप उचलता आला नसता. हे सांगायला फार तर मिनिट लागलं असतं.

"मी?" मी म्हणाले. "मी काही गोळ्यांच्या नादी लागले नाही बाई. पाणी हेच माझं औषध."

का म्हणाले? मी नंतर खूप शोधलं. मंडळांत बोलताना मी गोळ्यांचा विषय नेहमीच गाळते. जिद्द म्हटलं की टाळ्या पडतात, गोळी म्हटल्यावर कोण टाळ्या वाजवणार? गाळता गाळता त्या दिवशी जीभ एक पाऊल पुढे गेली, इतकंच. पण समोर विहीण होती, भोवती तिच्या भावकीतल्या बायका होत्या, आणि मला त्यांच्यापुढे मोठं व्हायचं होतं. बायकांनी 'अगं बया' म्हणून तोंडाला पदर लावले. मला बरं वाटलं.

 प्रयागबाईंनी गोळ्या गोळा करून पिशवीत भरल्या आणि पिशवी उशाखाली सारली.

विहीर

दुसऱ्या दिवशी सकाळी धपाटे आणि दही खाऊन आम्ही शेतात गेलो. मी पाण्यात उतरून दाखवणार होते, म्हणजे प्रयागबाईंनाही उमेद येईल असा माझा बेत. त्यांना बैलगाडीतून नेलं आणि बसायला त्यांची बाजही गाडीत टाकली. मागोमाग कालच्या बायका होत्याच. पुरुष बांधापलीकडे थांबले, कारण विहीण पोहणार होती.

विहीर मोठी, गोल, काळ्या दगडात बांधलेली. काठावरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लटकलेली, पाण्यावर झुलत होती. पाणी चांगलं दोन परस, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतकं, खाली, हिरवंगार. उतरायला पायऱ्या म्हणजे भिंतीतून जागोजागी बाहेर काढलेले दगड. सीमा म्हणाली, "आई, जमंल का? खालचे दोन दगड पडल्यात." मी हसले. पुण्याच्या तलावात मी कठडा असलेल्या, उतरत्या पायऱ्यांवरून पाण्यात जाते, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. उतरायचं कसं एवढाच विचार मी केला. बाजू धरत, बसत-सरकत उतरले, आणि शेवटचा दगड संपला तिथून पाण्यात सोडून दिलं.

ते पाणी मी विसरणार नाही. वरून कोमट, पायाशी गार. अंगातला एकेक सांधा सुटा झाला. मी गोल फेऱ्या मारल्या, पाठीवर पडून घरटी बघितली, खाली सूर मारून वर आले. भिंतीच्या फटीतून पारवे फडफडत उडाले. काठावरून बायका ओरडत होत्या आणि सगळ्यांत मोठा आवाज प्रयागबाईंचा होता.

"वा इहीणबाई! मासोळीच हाय की वो! आमीबी असंच पवत होतो, लुगड्याचा काष्टा मारून!"

त्या बाजेच्या काठाशी सरकून, पुढे वाकून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला जे बघायचं होतं ते सगळं होतं. मी मनातल्या मनात मुक्ताला फोनही लावून टाकला.

मग वर यायला गेले.

पहिला दगड पाण्यापासून कमरेइतका वर. तो धरून अंग उचलायचं. बोटं दगडावर ठेवली, ती ओली, दगडाला शेवाळ, आणि बोटांत पकड नाही. पुन्हा धरलं. पाय टेकायला भिंत गुळगुळीत. गुडघा वर घेतला तर तो अर्ध्यात अडकला. पुन्हा, पुन्हा. वरून बायका अजून कौतुकच करत होत्या. हळूहळू त्यांचा आवाज कमी होत गेला.

"आई, या की वर," सीमा म्हणाली.

"येते," मी म्हणाले आणि आणखी एक फेरी मारली, जशी काही पोहायची हौस फिटलीच नव्हती. शेवटी भिंतीला लटकून म्हणाले, "सीमा, मला वर येता येत नाही गं."

त्यानंतर पुण्याच्या विहिणीचं जे काही झालं ते मुक्ताच्या सासरी पुढची कित्येक वर्षं सांगितलं जाईल. पुरुषांना हाका गेल्या. लिंबाजी नावाचा शेजारी दोर घेऊन धावत आला. त्याची टोळी दुसऱ्या दिवशी तोडीला निघणार होती. आधी दोर खाली टाकला, पण दोर धरायलाही बोटं लागतातच. मग प्रयागबाई म्हणाल्या, "बाज घ्या माजी." त्यांना उठवून जमिनीवर बसवलं आणि बाजेच्या चारी खुरांना दोर बांधले.

"थांबा," त्याच ओरडल्या, "आदी लुगडं टाका खाली. इहीण हाय ती!"

वरून एक जुनं लुगडं पाण्यात पडलं. माझा पोशाख गुडघ्यापर्यंतचा, अंगाला चिकटलेला. मी पाण्यात तरंगत ते कसंबसं अंगाला गुंडाळलं आणि बाजेवर पोटावर पडून चढले. ओढणारे चौघे, पुढे बापू. आणि चौघांनीही विहिरीकडे पाठ केली. विहीण ओल्या अंगाने वर येते आहे, तिच्याकडे बघायचं कसं? दोर खांद्यावर घेऊन, पाण्याकडे न बघता ते ओढायला लागले.

आता चार माणसं न बघता दोर ओढतात तेव्हा चारी दोर सारखे कसे येणार? लिंबाजीचा कोपरा भराभर वर गेला, बापूंचा मागे राहिला. बाज तिरकी झाली आणि मी घसरून माझ्या पायांच्या बाजूने अर्धी पुन्हा पाण्यात.

"लिंबाजी, सोड!" सीमा किंचाळली. "आवो मामा, तुमचा वडा!"

"किती?" बापूंनी पलीकडच्या शेताला विचारलं. "इहीणबाईला म्हणावं, घट धरून बसा."

"धरलंय!" मी खालून ओरडले.

"धरलंय म्हणत्यात," सीमाने सांगितलं.

मी अशी वर आले. कधी डावीकडे कललेली, कधी उजवीकडे, भिंतीवर आपटत, अंगाला विहिणीचं लुगडं, दातांत त्याचा पदर. काठाशी आल्यावर बायकांनी बाज आत ओढली. चौघे पुरुष मागे न बघता थेट बांधापलीकडे निघून गेले. मी डोळे मिटून घेतले होते. आपण पदकवाल्या, सल्ला द्यायला आलेल्या, आणि चिखलात रुतलेली म्हैस काढतात तसं आपल्याला काढलं.

"हसू नका गं," प्रयागबाई बायकांना म्हणाल्या, आणि स्वतःच इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "लाजू नका. पवता लई झाक. वर येणं काय, ते कुणाचंबी आडतं."

त्या बायकांना त्यांनी पुढे जे सांगितलं ते मी कानाआड केलं. त्या म्हणाल्या, "गोळीबिगर एवढं पवत्यात माज्या इहीणबाई. हाय का कुणी आपल्यात?"

त्या दिवशी दुपारभर आणि संध्याकाळी मला वाटत होतं, याहून जास्त लाज काय असणार. ओसरीवरून कुणी गेलं तरी मी आत वळत होते. पोरं बाज ओढायचा खेळ खेळत होती.

निघायचा दिवस

तिसऱ्या दिवशी सकाळी सुशीला खायला बसलो. इकडे चुरमुरे भिजवून त्याला फोडणी देतात, पोह्यांपेक्षा हलकं लागतं. प्रयागबाई खायला आल्या नाहीत. मी त्यांच्याकडे गेले. त्या कुशीवर पडलेल्या, दोन्ही हातांची बोटं आत वळून घट्ट, मनगटं सुजून गरम. सीमा तेलाचा हात लावत होती आणि हात लागला की त्या दात आवळत होत्या.

"काय झालं?" मी विचारलं. "गोळी घेतली का?"

"आत्यानं गोळ्या बंद केल्यात," सीमा म्हणाली. "तुमी आलात त्या दिवसापासून. कालपासून लई धरलंय, पर सांगू नको म्हणल्या."

"बंद? कशासाठी?"

प्रयागबाईंनी माझ्याकडे बघितलं. "तुमी खात न्हाई, मग मी कावून खाऊ? पोटात आग पडती. चार दिस तरास व्हईल म्हणलं, मग उतरते मीबी पाण्यात. तुमाला जमलं, मला का जमणार न्हाई?"

मी तिथे खाली बसले असते तर बरं झालं असतं. उभीच राहिले. आणि एवढं होऊनही माझ्या तोंडातून आधी काय निघालं? "अहो, पण डॉक्टरांनी दिल्यात तर घ्यायला हव्यात. प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं." असं गोल, सल्ल्यासारखं. दहाची जीप होती. एवढं सांगून निघून गेले असते तर कुणाला काही कळलं नसतं.

"वेगळं कसं?" त्या म्हणाल्या. "एकच हाय. परवा तुमीच म्हणल्या."

मी आत जाऊन पर्स आणली. गोळ्यांच्या पट्ट्या काढून त्यांच्या बाजेवर ठेवल्या. अर्ध्या रिकाम्या, आजच्या सकाळची गोळी काढल्याचं भोकही दिसत होतं. प्रयागबाईंनी पट्ट्या बघितल्या, मग स्वतःच्या पिशवीतली एक काढायला सीमाला सांगितलं. दोन्ही शेजारी ठेवल्या. रंग एकच होता, त्यावर छापलेलं नावही एकच.

"मी रोज घेते," मी म्हणाले. "पहिल्यापासून. घेतल्या नाहीत तर मीही अशीच पडेन. मी तुमच्याशी खोटं बोलले."

"का?"

"मोठेपणा वाटावा म्हणून."

ओसरीतून बापू आत आले. मी आहे तिथे ते कधी आले नव्हते. दारात उभे राहिले आणि पहिल्यांदा त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं, डोळ्यांत डोळे घालून. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

"बाई," ते म्हणाले, विहीणबाईसुद्धा म्हणाले नाहीत, "रातभर उशी चावत होती ती. म्हणली, इहीणबाईला कळू देऊ नका, त्यांला वाईट वाटंल."

एवढं बोलून ते निघून गेले.

सीमाने भाकरीचा तुकडा आणि दूध आणलं, कारण गोळी उपाशीपोटी घ्यायची नव्हती. पोटातल्या आगीचं डॉक्टरांना सांगायला हवं, त्याच्यासाठीही जोडीला गोळी असते, मलाही दिलेली आहे, हे मी आता सांगितलं. परवाच सांगायला हवं होतं. बायका मला जिद्दीबद्दल विचारतात, तेव्हा या गोष्टी मी कधीच सांगत नाही. प्रयागबाईंनी गोळी घेतली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "केजच्या डॉक्टरकडं जाऊ सीमा. पाण्यातबी उतरू, पण पायऱ्या नीट करून घेतल्यावर."

मी जीप सोडून द्यायला तयार होते. त्या नको म्हणाल्या. "तुमचं ठरलंय तसं जावा."

विहीण घरून निघताना तिची ओटी भरायची असते. मला वाटलं, आज हे राहील, आणि राहिलं तर बरंच. पण प्रयागबाई उठल्या. दोघी बायकांनी काखेत हात घालून त्यांना दारापर्यंत आणलं. आधाराशिवाय उभं राहण्याचीही त्यांच्यात ताकद नव्हती. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता आणि जीपमधली माणसं माना बाहेर काढून बघत होती.

"आत्या, मी भरते," सीमा म्हणाली.

"माजी इहीण हाय. मी भरणार."

मी पदर पसरला. त्यांनी सुपात हात घातला. मूठ वळेना. वळलेल्या बोटांच्या कडेवर जेवढे गहू येतील तेवढे त्या उचलत होत्या आणि माझ्या पदरापर्यंत आणेस्तोवर त्यातले बहुतेक खाली सांडत होते. तीन वेळा असंच झालं. कुणी मदत केली नाही. खण-नारळ मात्र सीमाने ठेवला. प्रयागबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावायला बोट उचललं, ते नाकावर टेकलं, त्यांनी पुन्हा उचलून जागेवर लावलं.

"जावा आता," त्या म्हणाल्या.

माझ्या पायांशी गहू पसरले होते. ओटीचं धान्य पायदळी जाऊ द्यायचं नसतं. सीमा वेचायला वाकली, मी तिला थांबवलं.

मग मी सगळ्यांसमोर खाली बसले आणि दाणे वेचायला लागले. एकदा बसले की माझं मला उठता येत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.